अकराव्या दिवशी दोन वर्षांची

मंगळवारी दुपारी हाओच्या वयावरून क्लबात भांडण झालं. काढलं होतं बिकनं, त्यामुळे ते मिटावं अशी कुणालाच घाई नव्हती. डेप्टफर्डच्या त्या हॉलमध्ये दर मंगळवारी आपल्या व्हिएतनामी म्हाताऱ्यांचं एकत्र जेवण असतं. साठी गाठलेल्यांना खिडकीजवळच्या लांब टेबलावर बसवतात आणि आधी वाढतात. स्वयंपाकघर बिकच्या ताब्यात. तिनं हाओचा शेवयांचा वाडगा उचलला आणि सरळ लांब टेबलावर नेऊन ठेवला.

"ए बाई, मला अजून एकोणसाठच झालीत," हाओ म्हणाली.

"ती इंग्रजांची. आपल्या हिशेबानं साठ झाली. आईच्या पोटातलं वर्ष काय सरकारजमा केलंस?"

"पोटातलं धरायचं तर तुला सत्तर झाली असतील."

"एकाहत्तर! म्हणून तर मी वाढते आणि तू खातेस. बस गपचूप."

हाओ बसली नाही. वाडगा घेऊन ती दाराजवळच्या टेबलावर, तरुण मंडळींत जाऊन बसली. तरुण म्हणजे सगळे पन्नाशीचे. तिला या जुन्या हिशेबाचा मनापासून राग होता. मूल जन्मलं की एक वर्षाचं, आणि मग तेतच्या सकाळी, नवं वर्ष लागलं की अख्ख्या गावाचं वय एकदम एकानं वाढणार, मग कुणाचा वाढदिवस कधी का असेना! खेड्यात आईबाप अजून असंच मोजतात. चौदाव्या वर्षी हायफाँगहून होडीत बसून निघालेली हाओ पंचेचाळीस वर्षं इथं काढून बसली होती, आणि तिच्या मते गबाळेपणा हा होडीतच टाकून यायला हवा होता.

काम तिचं दुभाष्याचं, आणि त्याचा तिला अभिमान होता. फोनवर बावीस वर्षं, आणि जिथं बोलावतील तिथं समोर बसून. दवाखाने, कचेऱ्या, कोर्ट, बंदर. समोरचा जे बोलला तेवढंच बोलायचं, एक शब्द जास्त नाही, एक कमी नाही. एकदाच, आठ वर्षांपूर्वी, एका म्हाताऱ्याला डॉक्टरचं बोलणं कळेना म्हणून तिनं पदरचं एक वाक्य घातलं होतं. डॉक्टरनं तक्रार केली, तिला कामं देणाऱ्या एजन्सीचं लेखी ताकीदपत्र आलं. पुन्हा असं घडलं तर यादीतून नाव काढू, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं. तेव्हापासून तिनं जिभेला अशी शिस्त लावली की एजन्सीवाले नव्या पोरींना तिचं उदाहरण देत.

अडीच वाजता ती कौन्सिलच्या, म्हणजे तिथल्या पालिकेच्या, कचेरीत पोचली. तिसऱ्या मजल्यावरच्या खोलीत दोन समाजसेवक बसले होते. मोठी होती ती फोलाके, पन्नाशीची, आवाज खालचा पण पक्का. आईबाप नायजेरियाचे, ती स्वतः इथंच जवळपास वाढलेली. दुसरा डंकन, हडकुळा आणि पोरगेला, तो टिपणं घेणार होता. आणि भिंतीकडच्या खुर्चीत लुआ. अंगावर कुणीतरी दिलेलं मोठ्या मापाचं जाकीट, बाह्या बोटांपर्यंत आलेल्या. हाओ आत आल्याबरोबर ती उठली, दोन्ही हात समोर जोडून घेऊन मान लववली आणि म्हणाली, "आत्या, नमस्कार." न्गेआनच्या खेड्यातला तो जाडाभरडा बोलण्याचा ढंग ऐकून हाओला हसू आलं. तिनं मान हलवली आणि बसली. जास्त बोलायचं नसतं.

फोलाकेनं आधी सगळं मोकळेपणानं सांगितलं आणि हाओनं ते तसंच पोचवलं. तीन आठवड्यांपूर्वी लुआ छोट्या बोटीतून आली. बंदरावर तिची नोंद मोठी बाई म्हणून झाली आणि तिला मोठ्या माणसांच्या हॉटेलात धाडलं. तिथं मदतीला येणाऱ्या एका बाईला ती लहान वाटली, तिनं कौन्सिलला कळवलं. आज ठरवायचं होतं ते एवढंच, की लुआ अठराच्या खालची आहे की वरची. खालची असेल तर आज संध्याकाळीच तिला एका कुटुंबात राहायला नेतील, शाळा मिळेल, वकील मिळेल. वरची असेल तर हॉटेलात परत.

"हॉटेलात नको," लुआ चटकन म्हणाली.

"का?"

"खाली एक काका गाडी घेऊन येतात. रुपेरी गाडी. म्हणतात, काम तयार आहे, चल. मी त्यांना ओळखत नाही. त्यांना माझं नाव माहीत आहे."

डंकननं ते लिहून घेतलं. फोलाकेनं त्याच्याकडे एकदा पाहिलं. मोठी बाई कुणाच्या गाडीत बसून कुठं गेली, हे विचारायला कुणी जात नाही. खोलीतल्या तिघांनाही ते माहीत होतं.

"लुआ, तुझं वय किती?"

"अठरा, आत्या."

"अठरा," हाओ इंग्रजीत म्हणाली.

फोलाकेनं पेन खाली ठेवलं. तिला दुसरं काहीतरी ऐकायचं होतं, हे तिच्या तोंडावरच दिसलं. तिनं फाइल उघडून बंदरावरची नोंद वाचली. "तिथंही तू अठराच म्हणालीस. जन्म वीस डिसेंबर दोन हजार पाच. दुभाषी फोनवर, क्रमांक चार-सात-एक-नऊ."

हाओच्या गळ्यात ओळखपत्र होतं आणि त्यावर मोठ्या अक्षरांत ४७१९ छापलेलं होतं. तिनं लुआसाठी वाक्य पुरं केलं, नंबरासकट, आणि मग ओळखपत्र हळूच उलटं फिरवलं.

आठवलं तिला. सकाळची वेळ, शेगडीवर हाडांचं पाणी उकळत होतं, एका हातात झारा आणि कानाला फोन. पलीकडचा अधिकारी घाईत, त्याच्यामागे रांग. एका पोरीचा थरथरता आवाज. वय? अठरा. जन्म? चाप महिन्याची वीस. हाओनं म्हटलं, वीस डिसेंबर. चार मिनिटांत सगळं आटपलं होतं, आणि लगेच पुढचा फोन आला होता.

चाप म्हणजे चंद्राच्या वर्षाचा शेवटचा महिना. तो डिसेंबर नव्हे. पण शेवटचा म्हणजे डिसेंबर, अधिकाऱ्याला चटकन कळतं, आणि बारावा महिना म्हणून रकान्यात बसतं. वर्ष त्या अधिकाऱ्यानं अठरा वजा करून स्वतःच काढलं होतं.

फोलाके घरच्यांविषयी विचारू लागली. आई वारलेली, वडील मीठ पिकवतात, एक धाकटा भाऊ.

"भाऊ केवढा?"

"माझ्याहून अकरा वर्षांनी लहान. तो कुत्र्याच्या वर्षातला, मी डुकराच्या."

हाओनं ते शब्दाला शब्द लावून सांगितलं. डंकन जरासा हसला आणि त्यानं काही लिहिलं नाही. डुक्कर-कुत्रं कुठल्या रकान्यात भरणार! पण हाओचा अंगठा टेबलाखाली आपोआप बोटांच्या पेरांवर फिरू लागला, लहानपणी आजीनं शिकवला होता तसा. एकेका पेराला एकेक जनावर, बारा पेरं. पोरसवदा मुलगी, म्हणजे अलीकडचं नव्हे, त्याआधीचं डुकराचं वर्ष, दोन हजार सातच्या तेतपासून धरायचं. त्यातला चाप महिना, म्हणजे इंग्रजी कॅलेंडरात वर्ष उलटून गेलेलं, दोन हजार आठचा जानेवारी. चाप वीसला जन्मली तेव्हा एक वर्षाची. अकराव्या दिवशी तेत आला आणि अकरा दिवसांचं बाळ दोन वर्षांचं झालं. मग दर तेतला एकेक. यंदा अठरा. खरी सोळा. सतराही नाही.

तिनं पेरं पुन्हा मोजली. उत्तर तेच आलं.

पंधरा मिनिटं चहासाठी सुटी झाली. फोलाके आणि डंकन बाहेर गेले. नियम असा की दुभाष्यानं अशा वेळी माणसापासून लांब बसायचं, म्हणून हाओ बाहेरच्या बाकावर टोकाला जाऊन बसली. लुआ मागोमाग आली आणि दुसऱ्या टोकाला बसली.

"आत्या, बंदरावर फोनवर तुम्हीच होतात ना?"

हाओनं मान जिन्याकडे वळवली.

"मी ओळखलं. हायफाँगची माणसं 'हं का' म्हणतात ना, तसं तुम्ही म्हणालात. आणि मागं कायतरी उकळत होतं. चार महिन्यांत आपली भाषा कुणी मला ओरडल्याशिवाय बोललंच नव्हतं. मला इतकं बरं वाटलं! मग मी रात्री बाकीच्या बायकांना सांगितलं, एक आत्या आहे इथं."

"आपण बोलायचं नसतं गं," हाओ म्हणाली.

"बरं." लुआनं बाह्या ओढून बोटं आत घेतली. थोड्या वेळानं ती हळूच म्हणाली, "अठरा म्हटलं ते चुकलं का? त्या बाईंचं तोंड एकदम पडलं. पण मी खोटं का सांगू? बाबा म्हणतात, तिथं गेल्यावर खोटं बोलू नकोस, पकडतात."

आता सांगायला हरकत नाही: हाओला हे माहीत नव्हतं असं नाही. बिकशी ती याच हिशेबावरून दर वर्षी भांडत होती. शहरातली पोरं इंग्रजी पद्धतीनं वय सांगतात, खेड्यातली आपल्या, हे तिला पक्कं ठाऊक होतं. फोनवर एक प्रश्न विचारला असता, बाळा, कुठलं वर्ष, कुठलं जनावर, की दहा सेकंदांत उलगडा झाला असता. पण विचारायचं नाही असा नियम होता, आणि तो नियम तिला सोयीचा पडला होता. ताकीदपत्राची भीती हे एक कारण. दुसरं तिनं स्वतःला कधी सांगितलं नव्हतं: या खेडवळ हिशेबाची तिला इंग्रजांसमोर लाज वाटे. कुणासमोर तरी बसून, आम्ही दहा दिवसांच्या पोराला दोन वर्षांचं म्हणतो, हे समजावत बसायचं तिला नको होतं.

सुटी संपली. फोलाकेनं आत येऊन दोन्ही हात टेबलावर ठेवले.

"लुआ, तू सगळं सांगितलंस त्याबद्दल आभार. तू बंदरावर अठरा म्हणालीस, आजही अठराच म्हणालीस. तुझ्या स्वतःच्या बोलण्यावर शंका घेण्याचं मला काही कारण सापडत नाही. त्यामुळे आपण इथंच थांबतो. हॉटेलवाल्यांना त्या गाडीबद्दल मी पत्र लिहीन." तिनं हाओकडे पाहिलं. "सांगा तिला."

लुआही हाओकडेच पाहत होती.

"मी चूक केली," हाओ इंग्रजीत म्हणाली.

"कसली चूक, लुआ?" फोलाकेनं मुलीला विचारलं. दुभाषा 'मी' म्हणतो तेव्हा तो मी समोरच्याचा असतो, आणि डंकननं तसंच लिहायला घेतलं होतं. "तू खोटं सांगितलंस का?"

"नाही, नाही. हा मी तिचा नाही. माझा आहे. मी, हाओ, दुभाषी." हाओनं ओळखपत्र सुलटं करून टेबलावर ठेवलं. "बंदरावर फोनवर मी होते. चुकीचं सांगितलं ते मी. आजही."

डंकनचं पेन थांबलं. फोलाकेचा आवाज आणखी खाली आला. "बाई, तुम्ही इथं बोललेलं पोचवायला आलायत. मत द्यायला नाही. तुम्हाला नियम माहीत आहे."

"माझ्याइतका कुणाला माहीत नसेल."

आणि तिनं सगळं सांगितलं. पोटातलं वर्ष, तेत, गावाचं एकदम वाढणारं वय. इतकी वर्षं जे समजावण्याची लाज वाटली ते समजावताना तिचं इंग्रजी अडखळलं, कान तापले, पण ती थांबली नाही.

"हे तुम्ही आत्ता म्हणताय," फोलाके म्हणाली. "मुलगी समोर रडवेली बसलीय, तुम्ही एका देशाच्या. मी यावर विश्वास का ठेवू?"

"माझ्यावर ठेवू नका. तिनं मघाशीच सांगितलंय, डुकराच्या वर्षातली म्हणून. तेव्हा तिला कुठं माहीत होतं की याला किंमत आहे? डंकनसाहेबांनी लिहिलं नाही ते. फोनवर पाहा, दोन हजार पाचचा डिसेंबर कुठल्या जनावराचा."

डंकननं फोन काढला. बराच वेळ शोधलं. "कोंबडा," तो म्हणाला.

"आणि डुक्कर?"

"फेब्रुवारी दोन हजार सात ते फेब्रुवारी दोन हजार आठ." त्यानं बोटांनी पुन्हा वरखाली करून पाहिलं. "चंद्राच्या बाराव्या महिन्याची वीस म्हणजे... सत्तावीस जानेवारी, दोन हजार आठ. सोळा वर्षं. फोलाके, नोंदीत आणि यात दोन वर्षं, एक महिना आणि सात दिवसांचा फरक आहे."

फोलाकेनं पेन पुन्हा उचललं. मग तिनं लुआला तीन-चार प्रश्न विचारले, आडवळणाचे. भाऊ झाला तेव्हा ती कितवीत होती? आई गेली त्या तेतला तिला कितवं लागलं? शाळेत पहिल्या दिवशी बरोबरची मुलं कुठल्या वर्षातली होती? हाओनं एकेक शब्द पोचवला, आणि प्रत्येक उत्तर डुकराच्या वर्षावरच येऊन थांबलं.

"आज हॉटेल नाही," शेवटी फोलाके म्हणाली. "आजपासून ती मूल आहे असं धरून चालायचं. कागद नीट व्हायला वेळ लागेल, आणि पुढच्या वेळी दुभाषी दुसरा असेल. तुम्ही आता साक्षीदार झालात, बाई. एजन्सीला मला कळवावं लागेल, त्याला इलाज नाही. आता हे सगळं तिला सांगा. तुमचा भागसुद्धा."

स्वतःबद्दल दुसऱ्याच्या तोंडचं बोलणं पोचवण्याची वेळ हाओवर बावीस वर्षांत आली नव्हती. तिनं शिस्त सोडली नाही. "या बाई म्हणतात, की बंदरावरची दुभाषी हीच होती, आणि तुझं वय चुकलं ते हिच्यामुळे. तू खरं तेच बोलली होतीस. तू सोळा वर्षांची आहेस. आज तुला एका घरी राहायला नेतील."

लुआ ऐकत राहिली. घराचं ऐकून तिचा चेहरा उजळेल असं हाओला वाटलं होतं. तसं झालं नाही.

"म्हणजे तीन आठवडे मी दाराला खुर्ची लावून झोपले, ते तुमच्यामुळे?"

तिनं आत्या म्हटलं नाही. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाशी नात्याचा शब्द न लावता बोलणं म्हणजे तोंडावर दार लावणं.

"हो," हाओ म्हणाली.

"ती काय म्हणाली?" फोलाकेनं विचारलं, आणि हाओनं तेही इंग्रजीत सांगितलं, प्रश्न आणि आपलं उत्तर, दोन्ही.

डंकन लुआला घेऊन निघाला. जाताना तिनं फोलाकेकडे पाहून मान लववली, हाओकडे पाहिलं नाही. जाकिटाच्या बाह्या हलवत ती जिन्याकडे गेली.

हाओनं पर्स उचलली. छातीत मोकळं मोकळं वाटत होतं, कितीही झालं तरी. नाव यादीतून जाईल तर जाईल. पोरगी वाचली ना!

"बसा जरा," फोलाके म्हणाली. "फोनवर हे काम किती वर्षं केलंत?"

"बावीस."

"व्हिएतनामी पोरं किती?"

हाओच्या हातातली पर्स तशीच राहिली.

"बरीच," ती म्हणाली.

"खेड्यातली?"

"बहुतेक सगळी."

"आणि वय त्यांनी जे सांगितलं, तेच तुम्ही सांगितलंत. शब्दाला शब्द."

"हो."

"नावं?"

"नावं नाहीत. नोंद ठेवायची नसते. टिपणं त्याच दिवशी फाडायची."

"आणि तुम्ही फाडलीत."

"सगळी."

फोलाके रागावली नव्हती, आणि तेच हाओला सोसवेना. तिनं कोरा कागद पुढे सरकवला. "आठवेल ते लिहा. गाव, महिना, बंदर, काहीही. मी शोधायचा प्रयत्न करीन. त्यातली किती सापडतील, सांगता येत नाही."

हाओ बसली. तिनं पेन हातात घेतलं. नाव एकही आठवेना. आवाज आठवले, आणि प्रत्येक आवाजापुढे तिनं स्वतः सांगितलेला आकडा. तिनं लिहिलं: मुलगा, क्वांग बिन्हकडचा, दाढ दुखत होती, पावसाळ्यात निघालेला. अठरा. मग अठरा खोडून सोळा केलं आणि पुढे प्रश्नचिन्ह घातलं. त्याखाली: मुलगी, हातिन्हची, सारखी खोकत होती, आईला फोन लावून द्या म्हणत होती. एकोणीस. खोडून सतरा. त्याखाली: दोघे भाऊ, धाकटा बोललाच नाही, थोरल्यानं त्याचं सांगितलं.

पान भरलं, तेव्हा तिनं फोलाकेकडे दुसरं मागितलं.